अक्का, त्या दिवशी तुमाला ऐकू आलं होतं का

अक्का,

न्यायच्या आधी आपल्यात बसवतात तसं तुमाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगावर ती हिरवी इरकल. भोवती गल्लीतल्या बाया. त्यातली एक कापसाचे बोळे घेऊन आली, नाकाला लावले, मग तुमच्या कानाकडं हात नेला. आणि मी ओरडले, "कानात घालू नका! डॉक्टरांनी कान मोकळा ठेवायला सांगितलाय!"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं, पाणी दिलं. धाकटीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाल्या असतील, म्हणू देत. मला त्या वेळी ते अगदी बरोबर वाटलं होतं. तीन वर्षं तुमाला वालूरहून परभणीला नेऊन नेऊन ते कान उघडले होते, आणि ही बाई आली ती सरळ त्यात कापूस कोंबायली होती. शेवटी भावजींनी, तुमच्या मालकांनी, दारातूनच हात केला. "ऱ्हाऊ द्या. कान तसेच ऱ्हाऊ द्या." मग तसेच ठेवले.

आज एकोणीस दिवस झाले. चारचौघांत मी रडले न्हाई. जाऊ गेली आणि हिच्या डोळ्याला पाणी न्हाई, असं माझ्या माघारी बोलायलेत, मला कळतं. काय करू? भूक लागती, जेवते. झोप लागती, झोपते. भाकरी थापते ती गोल होती. तुमी चुलीपुढून छाती धरून उठलात आणि सेलूच्या दवाखान्यापर्यंत बी पोचला न्हाईत, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी पन्नास वेळा सांगितलं, पाढे म्हणल्यावानी. सांगताना बी काय होत न्हाई. अंगाला मुंग्या आल्यावर चिमटा घेतला तरी कळत न्हाई ना, तसं चाललंय.

पण एक गोष्ट हाय. ती तुमी असताना विचारायची राहिली आणि आता विचारून उपयोग न्हाई. तरी विचारते. सात वर्षांमागं, संक्रांत झाल्यावर, अंगणात मी तुमच्या पाठीमागं उभी राहून जे बोलले, ते तुमाला ऐकू आलं होतं का?

तुमच्या कानाचं सगळ्या घराला माहीत होतं. भादव्यात गाजर गवत फुलावर आलं की तुमाला शिंका सुरू. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस, मोजून. मग नाक वाहायचं, मग नाक चोंदायचं, आणि आठ दिवसांत कान बंद. कधी डावा फुटून वाहायचा, उशीला डाग पडायचे. तुमी लसूण घालून तेल कोमट करायचात आणि मला म्हणायचात, "धाकटे, दोन थेंब टाक गं." मी टाकायचे. आता कळतंय, फुटक्या कानात तेल टाकत होते मी. संक्रांत झाली की कान हळूहळू उघडायला लागायचे, एक दिवस उघडे, एक दिवस बंद, आणि उन्हाळ्यात बऱ्यापैकी ऐकू यायचं. भावजी म्हणायचे, "हिच्या कानाला बी हंगाम हाय. खरिपात बंद, उन्हाळ्यात चालू." तुमी हसायचात. ऐकू आलं म्हणून हसायचात का आमी हसतोय म्हणून हसायचात, ते कधी कळलं न्हाई.

आणि मी? मी तुमच्या बंद कानाचा फायदा घेतला, अक्का. खरं सांगायला काय जातंय आता. लग्न होऊन या घरात आले तव्हा तुमच्यापुढं तोंड उघडायची हिंमत न्हवती. मग लक्षात आलं, पाठीमागून बोललं की यांना ऐकूच येत न्हाई. मग काय, भांडी घासता घासता पुटपुटायचं. "मोठी झाली म्हणून काय डोक्यावर बसणार का", "हिला काय, बसून वाकळा शिवायला मोकळी". मनातली सगळी जळजळ बाहेर पडायची आणि भांडण बी व्हायचं न्हाई. दुसऱ्या घरात जावाजावा झिंज्या उपटायच्या, आमच्या घरात शांतता. लोक कौतुक करायचे. मला बी वाटायचं, बरं हाय.

त्या दिवशी माझी मनी तापानं फणफणायली होती. सात वर्षांची पोर, रात्रभर मांडीवर. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, धुण्याचा ढीग पडलेला. मी चुलीवर दूध ठेवून धुणं धुवायला गेले आणि तुमाला लांबूनच ओरडून सांगितलं, दूध बघा म्हणून. तुमी अंगणात माझ्याकडं पाठ करून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होतात. दूध उतू गेलं. सगळं. मनीला द्यायला घोटभर उरलं न्हाई. मी ओल्या हातानं आले, ते चुलीत गेलेलं दूध बघितलं आणि तुमच्या पाठीमागं उभी राहून म्हणले, "देवानं हिला कान बी वांझ दिले आणि कूस बी वांझ दिली. निस्तं खायला तोंड दिलं."

हे असं बोलले मी. पुटपुटले न्हाई, चांगलं बोलले. तुमची सुई थांबली. एवढं मला दिसलं. दोरा संपला म्हणून थांबली का काय, ते दिसलं न्हाई. मग तुमी दोरा दातानं तोडला आणि पुन्हा ओवला. वळून बघितलं न्हाई. संध्याकाळी मनीच्या कपाळावर तुमी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलात, मला म्हणलात, "तू पड जरा." मी स्वतःची समजूत घातली, ऐकलं असतं तर अशी माझ्या पोरीला मांडीवर घेतली असती का? न्हाई ऐकलं. संक्रांत झाली होती पण कान उघडले नसतील अजून.

ती समजूत दिवसा टिकायची. तुमच्यापुढं ताट वाढायला बसले की टिकायची न्हाई. चार वर्षं हे मी अंगावर काढलं.

मग सेलूच्या माझ्या मावसबहिणीनं परभणीच्या कानाच्या डॉक्टरांचं सांगितलं. मी घरात हट्ट धरला, अक्काला न्यायचंच. सगळे म्हणले, जाऊ असावी तर अशी. तुमी बी म्हणलात, "माझ्यासाठी कशाला गं एवढा तरास?" आणि मी काय म्हणाले आठवतं? "तुमच्यासाठी न्हाई, माझा घसा दुखायला लागला ओरडून ओरडून." तुमी लय हसलात. पण खरं कारण ते बी न्हवतं. मला डॉक्टरांना एवढंच विचारायचं होतं, की संक्रांतीच्या सुमाराला या बाईला पाठीमागून बोललेलं ऐकू येऊ शकतं का.

आपली पहिली फेरी आठवा. काय नटलात तुमी! नवी बांगडी, डोक्याला तेल. आणि डॉक्टरापुढं घाणेरडा कान कसा दाखवायचा म्हणून सकाळी काडीला कापूस गुंडाळून आतलं सगळं पुसून आलात. वर नाक गळताना बरं दिसत न्हाई म्हणून गावातल्या मेडिकलातली सर्दीची गोळी घेतलीत. डॉक्टरांनी हातावर बारीक सुया टोचून बघायचं ठरवलं, कशाचं वावडं हाय ते कळायला. मग विचारलं, गोळी-बिळी घेतली का? तुमी मान ताठ करून म्हणलात, "घेतली की. सकाळीच घेतली." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, गोळी घेतली की हातावर काही उठतच नाही. आता गोळी बंद करा आणि पुढच्या आठवड्यात या. आणि कान पुसू नका, मला घाणच बघायची आहे!" परत येताना गाडीत तुमी खिडकीकडं तोंड करून बसलात. शेजारच्या घरी जाताना सुद्धा आपण चेहरा धुऊन जातो, मग डॉक्टरकडं पारोसं जायचं का, असं तुमचं म्हणणं. मला बी ते पटलं होतं. आपल्यात असंच हाय, दुखणं दाखवायला बी आवरून जायचं.

पुढच्या बुधवारी हातावर गांधी उठल्या. गाजर गवताची, आणि घरातल्या धुळीतल्या त्या बारीक किड्यांची तर चांगली मोठी. डॉक्टर म्हणले, नाकाच्या मागून कानाला एक नळी जाती, वावड्यानं ती सुजती, मग कानाच्या पडद्याआड पाणी साठतं. आणि इलाज काय, तर जिचं वावडं हाय तीच धूळ, सुईतून, अगदी कणभर. दर आठवड्याला थोडी थोडी वाढवायची. तीन वर्षं तरी. अंगाला सवय होती. नाकाला बहुतेक फरक पडेल, कानाचं मी छातीठोक सांगत नाही, असं बी म्हणले. तुमी सगळं ऐकून घेतलं, मीच कानाशी ओरडून सांगत होते, आणि म्हणलात, "म्हंजे सुनेवानीच की. आदी तरास, मग सवय." डॉक्टर एवढे हसले की सिस्टर आत बघायला आल्या.

तुमी चप्पल घालायला बाहेर गेलात तव्हा मी डॉक्टरांना विचारलं. म्हणले, चार वर्षांमागं, जानेवारीत, यांना ऐकू येत होतं का? डॉक्टरांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मी तेव्हा त्यांना तपासलं नव्हतं, बाई. ही नळी एका आठवड्यात सुजते, उतरते. एखाद्या दिवसाचं कसं सांगणार?" एवढा शिकलेला माणूस, हातावर सुया टोचून गवत ओळखणारा, आणि एवढं सांगता येईना. मला राग आला होता त्यांचा.

मग सुरू झाले आपले बुधवार. वालूरहून टमटमनं सेलू, सेलूहून रेल्वे, परभणीला उतरून रिक्षा. दंडात सुई टोचायला मिनिट लागायचं न्हाई, पण नंतर अर्धा तास तिथंच बाकावर बसायचं. अंगावर काही उठलं, दम लागला तर समोर असावं म्हणून. सिस्टर घड्याळाकडं बोट करायच्या. मला ते घड्याळ बघून चिडचिड व्हायची. घरी कामाचा डोंगर, आणि इथं दोन धडधाकट बाया हातावर हात ठेवून बसलेल्या!

चौथ्या महिन्यात मी तुमाला उठवलं. वीस मिनिटं झाली होती, गाडी चुकली असती. म्हणले, चला, काय होतंय. सिस्टर आत गेल्या तसं आपण सटकलो. रिक्षात बसायच्या आधी तुमी म्हणलात, "तळहात खाजायलेत गं." बघितलं तर हात लाल, मानेवर गांधी, ओठ सुजायला लागलेले. अक्का, मी तुमाला कसं परत पळवत नेलं माझं मला माहीत न्हाई. दारातूनच बोंब मारली. डॉक्टरांनी मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं, पालथं-उताणं करून बघितलं, मग अर्ध्या घटकेनं तुमचा चेहरा चेहऱ्यावानी दिसायला लागला. तोवर मी सिस्टरला काय काय बोलले! चूक माझी, आणि शिव्या तिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन असं झापलं की आईबापानं कधी झापलं न्हाई. तुमी खाटेवरून माझा हात धरलात. म्हणलात, "लय घाबरलीस का?" मी म्हणाले, "मला काय पडलंय?" आणि हात सोडवून घेतला. त्या हातासाठी बी माफी मागायची राहिली.

त्या दिवसापासून मी अर्धा तास पुरता बसायला लागले. आणि बसलं की माणूस बोलतंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका चुलीवर रांधलं, पण आपण दोघी कधी निवांत बसलोच न्हवतो, अक्का. तुमी तुमच्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या. तुमाला गणित लय आवडायचं, पण मास्तर पाढे विचारायचे ते ऐकू यायचं न्हाई, म्हणून ढ ठरलात, म्हणून शाळा सुटली. लेकरासाठी काय काय केलं ते बी त्याच बाकावर सांगितलं. कुठले कुठले सोमवार, कुठले दवाखाने. अगदी सहज, भाजीला काय आणायचं सांगावं तसं. मी खाली फरशीकडं बघत बसले होते. तव्हाच सांगायला पाहिजे होतं.

दोनदा सुरुवात केली मी. पहिल्यांदा म्हणले, "अक्का, मागं मी एकदा तुमाला लय वाईट बोलले होते." तुमी लगेच म्हणलात, "सिस्टरनं आपलं नाव घेतलं बघ." घेतलं न्हवतं. दुसऱ्यांदा म्हणले, "अक्का, ते दूध उतू गेलतं तव्हा," तर तुमी मला पिशवीतला पेरू दिलात. "खा. मऊ हाय." तव्हा मला वाटलं, यांना ऐकू आलंच न्हाई. सुटल्यावानी वाटलं खरं तर. मी पेरू खाल्ला.

दुसऱ्या वर्षीचा भादवा आला. गाजर गवत कंबरेएवढं माजलेलं. आमी सगळे तुमच्या शिंकांची वाट बघायलो. चार आल्या, पाच आल्या, बस. कान बंद झाले न्हाईत. डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलं, म्हणले पाणी उतरलंय, पडदा भरून यायलाय. घरी आल्यावर तुमीच वैतागलात. "एवढा गलका असतो का गं घरात? हे मिक्सर रोज असंच बोंबलतं का?" पोरं हसून लोळली. भावजी घोरतात हे तुमाला तव्हा कळलं, आणि तुमी त्यांची खाट वट्ट्यावर टाकली. आणि मग एका दुपारी लसूण सोलता सोलता तुमी मला म्हणलात, "तू लय पुटपुटतीस गं, धाकटे."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. विचारलं, "कव्हापासून ऐकू यायलंय?" तुमी म्हणलात, "आत्ताच." आणि पुन्हा लसूण सोलायला लागलात. त्या 'आत्ताच'वर मी पुढं दोन वर्षं काढली.

वाकळांवरून मात्र आपलं खरंखुरं भांडण झालं, समोरासमोर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुन्या कपड्यांची गाठोडी घरात नकोत, त्यातच ते धुळीतले किडे असतात. तुमचा जीव त्या गाठोड्यांत. "मनीच्या लग्नात वाकळ कोण देणार मग? बाजारातलं ब्लँकेट देतीस का?" मी म्हणले, मनी अजून शाळेत हाय, आणि तिला बहिरी मोठीआई नको. तरी तुमी तोंडाला रुमाल बांधून वर माळवदावर लपून शिवायचात, मला माहीत होतं. मग एक दिवस बोहारीण आली आणि मी दोन्ही गाठोडी तिला देऊन स्टीलचा डबा घेतला. तुमी चार दिवस माझ्याशी बोलला न्हाईत. पाचव्या दिवशी म्हणलात, "डबा तरी झाकणाचा नीट बघून घ्यायचा." मी अजून म्हणते, मी बरोबर होते. आणि ते भांडण मला आवडलं होतं, अक्का. भांडलो, रुसलो, मिटलं. दुसरं कुठलंच आपलं असं मिटलं न्हाई.

परवा बुधवार होता. पहिल्या वर्षानंतर महिन्यातून एकदाच असायचा तो, तुमच्या सुईचा. पाहुणेरावळे गेलेले, घर रिकामं. मी सकाळी उठले, वेणी घातली, डबा भरला, टमटममध्ये बसून सेलूला गेले. स्टेशनवर दोन तिकिटं मागितली तव्हा ध्यानात आलं. तिकीट देणारा म्हणला, "दोन कोण?" मी म्हणाले, एकच द्या. परत फिरायचं सुचलं न्हाई, म्हणून परभणीला गेले.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "मावशी कुठं?" मी सांगितलं. इतक्या लोकांना सांगितलं तसंच सांगितलं. सिस्टरचा चेहरा उतरला. डॉक्टर बाहेर आले. मी विचारलं, सुईनं तर झालं न्हाई ना? ते म्हणले, "नाही. शेवटची सुई होऊन दहा-बारा दिवस झाले होते. याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमच्या मनात तसलं काही ठेवू नका." फ्रीजमधून तुमच्या नावाची बाटली काढली, अर्ध्याच्या वर भरलेली होती. हिचं काय करू, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणले, टाका. मग मी बाकावर बसले. सुई कुणाला टोचली न्हवती तरी अर्धा तास बसले. कुणी उठवलं न्हाई. बसल्या बसल्या ठरवलं, आता सांगायचंच. तुमी न्हाई तर ज्यांना ते तुमच्याइतकंच लागलं असतं त्यांना.

सोळा वर्षांत मी भावजींपुढं उभी राहून बोलले न्हाई. डोक्यावर पदर, चहा ठेवायचा, मागं सरायचं. त्या संध्याकाळी वट्ट्यावर चहा ठेवला आणि मागं सरले न्हाई. खाली बसले. भावजी चमकले. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. दूध, वाकळ, आणि ते वाक्य. एक शब्द गाळला न्हाई. 'वांझ' म्हणताना ते भावजींच्या तोंडाकडं बघून म्हणावं लागलं. माझे कान गरम झाले होते. म्हणले, "माझ्या जिवाला एवढंच लागलंय, भावजी. अक्काला ते ऐकू आलं होतं का न्हाई, एवढंच मला कळंना."

भावजी चहा पीत राहिले. बशीतला संपला तरी बशी तोंडाशी होती. मग म्हणले, "मला ठावं हाय ते."

"कसं?"

"तिनंच सांगितलं. त्याच दिवशी. भाकर घेऊन शेतात आली तव्हा."

भावजी सांगायला लागले. "म्हणली, धाकटीच्या अंगात जीव राहिला न्हाई हो. पोर तापानं फणफणायली, वेचणी, धुणं, सगळं तिच्या एकटीच्या बोकांडी. आता तिच्या तोंडातून काय निघायलंय ते तिचं तिला कळंना. उद्यापासून नळाचं पाणी मी भरते."

"रडल्या का?"

भावजींनी बशी खाली ठेवली. "रडली की. लय रडली. बांधावर बसून रडली. मग तोंड धुतलं आणि म्हणली, तिला कळू देऊ नका. मी ऐकलं हे तिला कळलं तर ती या घरात मान वर करून नांदायची न्हाई."

खरंच की, अक्का. दुसऱ्या दिवसापासून पाणी तुमीच भरलं. मी समजले तुमाला पहाटे झोप लागत न्हाई. एकदा तर अंथरुणातनं म्हणले बी होते, केवढा आवाज करतात हांड्यांचा, माणसाला झोपू देत न्हाईत. ते बी ऐकलं असेल तुमी.

भावजी उठून बाहेर गेले. मी कप-बशी विसळली, कणीक भिजवली. मनी येऊन म्हणली, "आई, तू रडायलीस." मी म्हणले, न्हाई. मग परातीत बघितलं तर कणकीत मी घातलं होतं त्यापेक्षा जास्त पाणी झालं होतं.

तुमी समजून घेतलंत, झाकून घेतलंत, सात वर्षं माझी मान वर ठेवलीत. लय मोठं मन तुमचं, सगळं गाव म्हणायलंय. मी बी म्हणते. पण अक्का, मला तुमचा राग बी येतोय, आणि तो मी आता पाठीमागून न्हाई, तोंडावर सांगते. एवढं ऐकू आलं होतं तर त्याच वेळी वळायचं होतं. सुई खाली ठेवून, चुलीपुढं उभं करून विचारायचं होतं, काय बोललीस गं. मी आधी न्हाईच म्हणले असते. मग रडले असते. मग तुमच्या पाया पडले असते. तेवढं तरी मला करू द्यायचं होतं.